आप्पांचं वजन

ताटावर आडवा हात धरून ते "बास, बास" म्हणायचे. हात मात्र असा धरायचे की बोटांच्या फटीतून घडी घातलेली पुरणपोळी सहज खाली जावी. पोळी ताटात पडली की वाढणाऱ्याकडे जरा दुखावल्यासारखं बघायचे आणि म्हणायचे, "आता वाढलीच हाय तर टाकू कशी? अन्न हाय, भाऊ." मग तूप मागायचे, कारण कोरडी पोळी घशाखाली उतरत नाही.

असा एक तरी माणूस तुम्ही पंगतीत पाहिलेला असणार. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे दर पंगतीला दोन-चार सापडतात, आणि त्यांच्याशिवाय पंगतीला शोभा नाही असंही मानतात. खाणारा मागे हटतोय आणि वाढणारा पुढे रेटतोय, ही आमच्याकडची जुनी कुस्ती आहे. तिच्यात खाणाऱ्यानं शेवटी हरायचं असतं. आप्पा पंचवीस-तीस वर्षं ही कुस्ती हरत आले होते आणि प्रत्येक हार त्यांच्या अंगावर दिसत होती.

त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही सगळे आप्पाच म्हणायचो. ते निरगुडसरचे. नव्वदच्या दशकात मी साखर कारखान्यात चिकटलो तेव्हा ते उसाच्या वजनकाट्यावर लिपिक होते आणि मी समोरच्या खिडकीत गाड्यांना टोकन द्यायचो. उसानं भरलेली गाडी काट्याच्या लोखंडी प्लेटवर उभी राहायची, आत आप्पांच्या समोर लाल आकडे पळायचे, थांबायचे, आणि आप्पा पावती फाडायचे. प्लेटवर गाडीवानाचा पाय जरी दिसला तरी खिडकीतून मान बाहेर यायची. "उतर खाली. तुझं वजन उसात घालतो व्हय?" गाडीवान पावणा असो की सख्खा चुलता, पुढचं वाक्य ठरलेलं. "काट्याला नातं कळत नाय, भाऊ."

दुसऱ्याच्या वजनात एका माणसाचा पाय खपवून न घेणारे आप्पा स्वतःच्या वजनाबद्दल मात्र फार उदार होते. "आमच्या घराण्यात हाडच जड हाय," एवढ्यावर तो विषय मिटायचा. जेवण कमी आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, कारण ताटात बसून खाल्लेलं तेवढंच ते जेवण धरायचे. उभ्यानं खाल्लेलं त्यांच्या हिशेबी हवेत जायचं. हंगामात दर दुसरा ट्रकवाला चहा पाजायचा. साखर कारखान्यात बसून बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे देवळात राहून देवाला नाही म्हणण्यासारखं. असे बारा-पंधरा चहा व्हायचे, त्यांच्याबरोबर भजी यायची, कुणी गुऱ्हाळावरून काकवी आणायचं. संध्याकाळी आप्पा घरी जाऊन सांगायचे, "आज दिवसभर पोटात काय न्हाई."

मग एका हंगामात त्यांच्या धाकट्या बहिणीचं दुखणं निघालं. तिला पठारावरच्या आणे गावात दिली होती. घरात सगळे तिला बायच म्हणायचे. पाय सुजायला लागले, उलट्या व्हायला लागल्या, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला पुण्याला जायचं. आणे कुठं, पुणे कुठं. पहाटे निघालेली जीप दिवेलागणीला परतायची आणि बाय मागच्या सीटवर आडवी झालेली असायची.

आई थकलेली, नवऱ्याचा रक्तगट जुळेना. आप्पांचा जुळला. आप्पांनी कसला विचार केला नाही. "दोन हायेत. एक तिची," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, एकशे बारा किलो. डॉक्टर म्हणाले, "नव्वदच्या आत या, मग ऑपरेशन. या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. उद्या तुमची उरलेली एक किडनी बिघडली तर दोघंही हातचे जाल. आणि बहिणीला फार दिवस ताटकळत ठेवू नका."

झालं. बावीस किलो आप्पांच्या आणि बायच्या मध्ये येऊन बसले.

आप्पा जिद्दीला पेटले. ट्रकवाल्यांपैकी कुणीतरी सांगितलं की कोबीचं पाणी प्यायलं की चरबी वितळते. आप्पांनी पंधरा दिवस कोबी उकळून त्याचं पाणी प्यायलं. दुसरं काही नाही. काट्याच्या खोलीत असा वास सुटायचा की गाडीवान पावती घ्यायला खिडकीपाशी येईनात. आप्पांचा चेहरा उतरला, एकदा पावतीवर टायरगाडीचं वजन ट्रकच्या नावावर लिहिलं. ते लगेच सापडलं, पण आप्पांना दिवसभर खंत लागून राहिली.

वजन किती उतरलं हे बघायला दवाखान्यात कशाला जायचं, आपल्याकडे काटा आहेच, असं त्यांच्या मनानं घेतलं. पहिली गाडी यायच्या आधी सकाळी ते प्लेटवर मधोमध जाऊन उभे राहायचे आणि मी आत बसून आकडा वाचायचा. एवढ्या मोठ्या लोखंडी प्लेटवर एकटा माणूस हात जोडून उभा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ऊस नाही म्हणून लिपिकच गाळपाला निघालाय.

आता हा काटा टनांचा ऊस मोजणारा. तो दहा-दहा किलोंनीच बोलायचा. एकशे दहाच्या खाली शंभर, मधलं त्याला काही माहीत नाही. रोज सकाळी मी "एकशे दहा" म्हणायचो आणि आप्पा मान खाली घालून प्लेटवरून उतरायचे. एका सकाळी त्यांनी चपला काढल्या, किल्ल्यांचा जुडगा काढला, स्वेटर काढला, टोपीसुद्धा माझ्या हातात दिली. मी आत गेलो. लाल आकडा जरा घुटमळला आणि शंभरवर थांबला.

"आप्पा, शंभर."

"नीट बघ."

"शंभरच हाय."

एका दिवसात दहा किलो. तुम्ही म्हणाल, तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? त्यांना कळत होतं. पण पंधरा दिवस कोबीचं पाणी प्यायलेल्या माणसाला काय कळून घ्यायचं नसतं, हेही तुम्ही ओळखून आहात. दुपारी त्यांनी मंचरवरून दोन किलो पेढे आणवले आणि सगळ्या यार्डात वाटले. आनंद मोठा होता म्हणून चार-सहा स्वतःही घेतले. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा एकशे दहावर गेला. आप्पा म्हणाले, "थंडीनं आखडला असंल काटा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काट्याला खोटं पाडलं होतं.

पेढ्यांचा एक परिणाम मात्र झाला. आप्पा बहिणीला किडनी देणार आहेत ही बातमी सगळ्या गावात पोचली. आणि आमचं गाव मनानं मोठं. एवढं मोठं ऑपरेशन, अंगातला एक भाग काढून द्यायचा, म्हणजे अंगात ताकद पाहिजे. गाव कामाला लागलं. कुणी तुपाचा डबा पाठवला. कुणी गावठी अंडी. मेंढरं राखणाऱ्या एका घरानं दर आठवड्याला पायाचं सूप पाठवायला सुरुवात केली. माझ्या आईनं डिंकाचे लाडू केले आणि ते डबाभर लाडू मी स्वतः आप्पांच्या घरी नेऊन दिले. वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, डबा हातात घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तेंना वजन उतरवायचं हाय." मी म्हणालो, "वजन उतरेल हो, पण अशक्तपणा यायला नको."

मला तेव्हा माझं बोलणं फार शहाणपणाचं वाटलं होतं.

नको म्हणायची सोय नव्हती. आलेलं परत पाठवलं तर देणाऱ्याचा अपमान, आणि देणारे सगळे बायसाठीच देत होते. म्हणजे बायला वाचवायला ज्यानं बारीक व्हायचं, त्याला बायच्याच नावानं सगळं गाव खाऊ घालत होतं.

त्यातच लग्नसराई आली. त्या वैशाखात माझंही लग्न झालं. आमच्याकडे नवरदेवानं पंगतीतून फिरून आग्रह करायची रीत आहे. मी मुंडावळ्या बांधून जिलेबीच्या ताटासह आप्पांसमोर आलो. त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले. खरंच धरले, फट न ठेवता. "भाऊ, आज नको. डाक्टरनं…" मी म्हणालो, "आप्पा, माझ्या लग्नात नाही म्हणणार?" शेजारचे ओरडले, "घ्या, आप्पा, नवरदेवाचं मन मोडू नका." मी एक जिलेबी त्यांच्या तोंडात घातली. मग दुसरी. सहा खाल्ल्या त्यांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला अभिमान वाटला, हे लपवून काय उपयोग.

पाऊसकाळात पावडर आली. आमच्या भागातले एक शाळामास्तर चॉकलेटच्या वासाची पावडर विकायचे. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी पेलाभर घ्यायची. मास्तर स्वतः चांगले गरगरीत होते. पण त्यांच्याकडे दोन फोटो होते, एक लठ्ठ माणसाचा आणि एक सडपातळ माणसाचा. दोघांच्या मिश्या वेगळ्या होत्या. मास्तर म्हणायचे, बारीक झाल्यावर माणूस मिशीसुद्धा बदलतो. आप्पांनी दोन महिने पावडर घेतली. फक्त जेवणाऐवजी घ्यायच्या ऐवजी ती जेवणाबरोबर घेतली, कारण नुसती पावडर घेऊन उठायचं म्हणजे चुलीवरच्या भाकरीचा अपमान.

त्याच सुमाराला टीव्हीवर एक पट्टा दाखवायचे. कमरेला बांधला की तो थडथडतो आणि हिंदी बोलणारी बाई सांगते, "सिर्फ पंद्रह मिनट." आप्पांनी तोही मागवला. पण आमच्याकडे लाइट असायची तेव्हा आप्पा कामावर असायचे आणि आप्पा घरी असायचे तेव्हा लाइट गेलेली असायची. शेवटी वहिनींनी तो पट्टा कपड्यांचं बोचकं बांधायला घेतला.

मग उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. उपासाच्या दिवशी वहिनींना जास्त स्वयंपाक पडायचा. तुपातली खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप, वर केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. पण आप्पांना तसं म्हटलं तर ते दुखावायचे. "अन्नाचा कण न्हाई पोटात," म्हणायचे आणि ढेकर द्यायचे.

भाद्रपदात पुण्याला तपासणी होती. मी बरोबर गेलो होतो. बाहेरच्या बाकावर बाय बसली होती, हाताला पट्टी, चेहरा पिवळा पडलेला. तिच्या पिशवीत एक छोटी स्टीलची वाटी होती. दिवसभरात तिला किती पाणी प्यायचं ते ठरवून दिलेलं होतं, आणि ते ती त्या वाटीनं मोजून प्यायची. मीठ नाही, डाळ मोजून, फळ जवळजवळ नाहीच. जवळजवळ वर्षभर ती असं खात आली होती आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायची नाही. पिशवीत आणखी एक डबा होता. भाऊ येणार म्हणून तिनं पहाटे उठून मासवडी केली होती.

"दादा, तुला आवडती म्हणून आनली. मला तर चालत न्हाई."

आप्पांनी डबा उघडला आणि तिथंच बसून खाल्ली. तिनं केली होती, नको कसं म्हणणार.

आत काट्यानं एकशे चौदा दाखवले. पहिल्या वेळेपेक्षा दोन जास्त. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फाइल बंद केली, चष्मा काढला आणि विचारलं, "आप्पा, तुम्हाला खरंच द्यायची आहे का? नसेल तर तसं सांगा. म्हणजे आम्ही दुसरं काही बघू."

आप्पा उठले. बाहेर आल्यावर बाय म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ दे. तू लई केलंस." येताना सबंध वाटेत त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मी दोनदा पाणी विचारलं. दोन्ही वेळा नको म्हणाले.

त्या दिवशी ते अवेळी घरी पोचले. दोन्ही मुलांची जेवणं उरकली होती. मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले तर वहिनी चुलीपाशी जेवायला बसलेल्या. हातात एक भाकरी, ताटलीत मिरचीचा ठेचा. भाजीचं पातेलं पालथं घातलेलं. पुढचं मला आप्पांनी दुसऱ्या दिवशी काट्याच्या खोलीत सांगितलं, आणि एकदा नाही, तीनदा सांगितलं.

"मी इचारलं, भाजी? म्हणाली, सपली. म्हणलं मग तू? म्हणाली, ह्ये काय, जेवती की. म्हणलं, रोजच असं? तर म्हणाली, रोज कुठं, कधी कधी आमटी उरती. भाऊ, लगीन होऊन सत्तावीस वर्सं झाली. ही काय खाती ते मी आज पाह्यलं."

त्यांनी समोरचं पावतीपुस्तक बंद केलं.

"मी तिला म्हणलं, तुझं वजन कसं गं कधी वाढलं न्हाई? तर काय म्हणाली ठाव हाय? मला कुणी आग्रहच केला न्हाई, मग कशानं वाढंल?"

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. मग मीही थांबलो.

त्या दिवसापासून त्यांनी एकच नियम केला. वहिनींच्या आधी जेवायचं नाही, आणि पातेल्यात असेल त्याचे दोघांत दोन वाटे करायचे. तुम्हाला वाटेल, यात काय मोठं. पण भाजी दोघांना पुरवायची म्हटल्यावर आप्पांचा वाटा आपोआप निम्म्यावर आला. दीड भाकरी, वाटीभर भाजी, आमटी, ताक, कच्चा कांदा. सणाला एक पोळी, आणि ती वहिनींच्या ताटात एक पडल्यावरच. वहिनी सावकाश जेवायच्या, सगळ्या जगाला वाढून झाल्यावर जेवणाऱ्या बाईला घाई नसते. त्यांच्या बरोबरीनं बसायचं तर आप्पांनाही सावकाश खाणं भाग पडलं. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की दीड भाकरीत पोट भरतं. कोबी बंद, पावडर बंद, उपासही बंद. कामावर ते चालत यायला लागले. ट्रकवाल्यांचा चहा सकाळी एक, दुपारी एक, साखर अर्धा चमचा.

पाहुण्याघरी आग्रह झाला की ते सांगायचे, "घरी ती थांबली आसंल. तिच्याआधी जेवत न्हाई मी." या वाक्यापुढे आग्रहाचा इलाज चालेना. नको म्हणणाऱ्याला कसं भरवायचं हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे, पण बायकोसाठी थांबलेल्या पुरुषाला कसं भरवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग लोक हसायला लागले. ट्रकवाले खिडकीशी येऊन विचारायचे, "आप्पा, वहिनीनं जेवायची परवानगी दिली का?" सहा जिलेब्या खाल्ल्या तेव्हा आप्पा दिलदार होते. दीड भाकरी खायला लागल्यावर बायकोचे बैल झाले.

आप्पा पुन्हा काट्याच्या प्लेटवर उभे राहिले नाहीत. महिन्याच्या महिन्याला मंचरच्या दवाखान्यात वजन करायचे. दोन किलो, कधी दीड, कधी अडीच. पेढे वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. वहिनींचंही वजन त्यांनी करवलं. बेचाळीसचे सेहेचाळीस झाले तेव्हा मात्र मला बोलावून सांगितलं.

वर्ष लागलं. पुढच्या भाद्रपदात ते एकोणनव्वदवर आले. डॉक्टरांनी पाठ थोपटली, सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. आप्पांनी तो कागद काट्याच्या खोलीत आणून मला दाखवला. इंग्रजीत होता. मी वाचून दाखवला, मग त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

दसऱ्याच्या आधी बायला ताप आला. साधा वाटला होता. अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. चार दिवसांत ती गेली.

तेराव्याला मी आण्याला गेलो. उन्हं चढलेली, पठारावर वारा सुटलेला, मांडवाचं कापड फडफडत होतं. माणसं कमी होती म्हणून मी वाढायला उभा राहिलो, हातात बुंदीची बादली. पुरुषांची पंगत बसली. आप्पांना बोलावलं तर म्हणाले, "मागून." बायकांची पंगत बसली तेव्हा तिच्या टोकाला ते वहिनींशेजारी येऊन बसले. कुणी हसलं नाही.

मी वाढत त्यांच्यापाशी आलो. "थोडी तरी घ्या" हे शब्द सवयीनं ओठांवर आले होते. आप्पांनी वर बघितलं.

"भाऊ, मी हिशेब घातला. लाडवात तीन म्हैने ग्येलं. लग्नसराईत दोन. पावडरीत दोन. उपासात दोन." मग वहिनींकडे बघत म्हणाले, "नऊ म्हैने आधी हिच्यासंगं जेवाया बसलो असतो, तर आज बाय वाढाया उभी असती."

लग्नसराईतले दोन महिने म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी बादली घेऊन तसाच पुढे गेलो, आणि पुढच्या कुणालाच मला दुसऱ्यांदा विचारता आलं नाही.

सगळ्यांना वाटलं, आता आप्पा पहिल्यासारखे खातील. ज्याच्यासाठी आवरलं होतं ते राहिलं नाही. लोक उघड म्हणायचे, "आता कशाला, आप्पा? घ्या मोकळ्या मनानं." आप्पा म्हणायचे, "ते बायसाठी व्हतं. ह्ये हिच्यासाठी हाय." आणि पुढची सगळी वर्षं ते दीड भाकरीच जेवले, वहिनींबरोबर, चुलीपाशी. वजन ब्याऐंशीवर येऊन थांबलं आणि तिथंच राहिलं. निवृत्त झाले, तोंडली आणि मेथी लावायला लागले, नातवंडांना शाळेत सोडायला जायला लागले.

साठी उलटल्यावर काही वर्षांनी एका सकाळी शेतावर गेले आणि बांधावर बसल्या बसल्या गेले. हृदय, म्हणाले डॉक्टर. गावाचं निदान वेगळं होतं. "एवढी उपासमार केली, मग काय व्हनार," म्हणाले. "नीट जेवला असता तर चार वर्सं आनखी काढली असती." हे म्हणणाऱ्यांत आप्पांना तूप पाठवणारेही होते. ते बोलत होते आणि मी गप्प होतो, कारण माझ्या आईचे लाडू त्यांनीही पाहिले होते.

त्यांच्या तेराव्याला मी निरगुडसरला गेलो. मोठी पंगत होती. मला चार वेळा बोलावलं, "या, बसा." मी म्हणालो, मागून बसतो. पुरुष जेवले, बायका जेवल्या, वाढणारे जेवले. मग मी माझं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो. वहिनी चुलीपाशी एकट्या होत्या.

"भाऊ, तुमी अजून जेवला न्हाई?"

"तुमच्यासाठी थांबलो."

त्यांनी पातेलं जवळ ओढलं. तळाला थोडी वांग्याची भाजी होती. पळीनं मधोमध रेघ मारली आणि दोन सारखे वाटे केले, एक माझ्या ताटात, एक त्यांच्या.

"ते असंच करायचे," त्या म्हणाल्या. "समदं अर्धं अर्धं. बायचा वाटा तेवढा द्यायचा ऱ्हायला."

बाहेरून कुणीतरी ओरडलं की बुंदी उरलीय, कुणाला पाहिजे का. आम्ही दोघं जेवत राहिलो.